फिल्टर धुतला की चार दिवस बरा, मग पुन्हा धार मंद

फिशटँकच्या फिल्टरबद्दल तक्रारी मुख्यतः दोनच. ‘धुतला की झकास चालतो, चार दिवसांत पुन्हा धार मंद’ ही एक. ‘नवा फिल्टर लावल्यापासून मासे कोपऱ्यातून हलत नाहीत’ ही दुसरी. बऱ्याचदा दोन्ही एकाच घरच्या असतात. धार मंद झाली म्हणून माणूस दुकानात जातो, दुकानदार आधीच्यापेक्षा मोठा फिल्टर हातात ठेवतो. तो स्वच्छ असताना टाकीत नुसती घुसळण, आणि तुंबला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. मग रोज नॉब फिरवत बसायचं.

नॉबने यातलं फारसं काही सुटत नाही. तो फक्त पाण्याची वाट अरुंद किंवा रुंद करतो, मोटर आपल्या वेगानेच फिरत राहते. घरगुती टाक्यांच्या साध्या पंपांत कायम चुंबकाचा रोटर असतो आणि त्याचा वेग विजेच्या 50 हर्ट्‌झशी बांधलेला असतो, म्हणजे मिनिटाला साधारण 3000 फेरे. व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी हा वेग बदलत नाही. तेव्हा धार मंद झाली की ‘मोटर थकली’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. मोटर फिरतेय, पाण्याला वाट मिळत नाहीये. ती कुठे अडली हे शोधायचं, आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे: धुतल्यापासून किती दिवसांत धार मंदावते?

पुढचं सगळं मुख्यतः काचेला रबरी चकत्यांनी चिकटवायच्या आतल्या फिल्टरबद्दल आहे, कारण दोन फुटी टाकीत बहुतेकांकडे तोच असतो. टांगायचे, वरचे आणि कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा) शेवटी घेतो.

हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. हीटर असेल तर त्याचाही, आणि पाणी उपसायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागलं की तडकतो. टाकीची वायर सॉकेटमध्ये वरून सरळ उतरत असेल तर तिला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या. वायरवरून ओघळलेलं पाणी मग झोळातून जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आधी मोजा

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी म्हणजे दोन घनफूट, साधारण 57 लिटर. खडे, दगड आणि वर मोकळी सोडलेली दोन-तीन बोटं वजा केली की प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास भरतं. मिश्र माशांच्या टाकीत तासाला पाण्याच्या चार ते सहा पट पाणी फिल्टरमधून जावं, असा शौकिनांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे इथे 180 ते 270 लिटर. गोल्डफिश खातात फार आणि घाणही फार करतात, त्यांच्या टाकीत यापेक्षा जास्त लागतं. एकट्या फायटर माशाला (बेटा) दोन-तीन पट पुरे.

खोक्यावर ‘तासाला 600 लिटर’ छापलेलं असतं ते पाणी अजिबात उंचावर न चढवता आणि बहुधा स्पंजाशिवाय मिळणारं. स्पंज लावून, आठ-पंधरा दिवस चालवून तो आकडा निम्म्यावर आला तरी नवल नाही. म्हणून खोक्यावरचा आकडा विसरा आणि आपला आपण मोजा.

पाण्याखालच्या तोंडाची धार मोजायची युक्ती सोपी आहे. प्लग काढलेला असताना एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण चपटी करून, हवा काढून, पाण्याखालीच फिल्टरच्या तोंडावर रबर बँडने बसवा. पिशवी दोन-तीन लिटरची तरी हवी, लहान असेल तर ताणून बसते आणि धार अडते. हात बाहेर काढून कोरडे करा, प्लग लावा, मोबाइलवर दहा सेकंद मोजा, पुन्हा प्लग काढा. पिशवीचं तोंड आवळून बाहेर काढा आणि आतलं पाणी मापाने मोजा. मिळालेले लिटर गुणिले 360 म्हणजे तासाची धार. दहा सेकंदांत पाऊण लिटर आलं तर तासाला 270 लिटर. हे प्रयोगशाळेतलं माप नाही, पण महिन्या-महिन्याची तुलना करायला भरपूर झालं.

फिल्टर नुकताच धुतलेला असताना हे माप घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा. हा आकडा हाताशी नसेल तर ‘धार कमी वाटतेय’ आणि ‘धार कमी झालीय’ यातला फरक कळायला काहीच मार्ग नाही. फिल्टर सुरू असलेला आवाज रोज ऐकणाऱ्याला धार निम्मी झालेलीही लक्षात येत नाही.

स्पंज काढून एक मिनिट

धार मंद असताना पहिली परीक्षा ही. प्लग काढून फिल्टरचा खालचा डबा आणि स्पंज वेगळा करा, नुसती मोटर परत काचेला लावा, प्लग लावा. धार एकदम सुटली तर दोष स्पंजात, म्हणजेच टाकीतल्या घाणीत. तशीच मरगळलेली राहिली तर दोष मोटरीत किंवा तोंडाच्या नळीत. स्पंजाशिवाय मोटर जास्त वेळ चालवू नका, एखादा खडा किंवा पिल्लू आत ओढलं जाईल.

आता दिवसांचा हिशोब.

धार दोन-तीन आठवड्यांनी मंदावत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. स्पंजाचं कामच घाण धरून ठेवणं आहे. पाणी बदलताना धुवा आणि पुढच्या कामाला लागा.

दोन-चार दिवसांतच मंदावत असेल तर कारण जवळपास नेहमी या चौकडीत सापडतं: स्पंजाची छिद्रं फार बारीक, स्पंज फार लहान, खाणं फार, किंवा फिल्टर फार खाली.

बारीक स्पंज आणि पांढरा फिल्टर कापूस पाणी काचेसारखं करतात, म्हणून लोकांना आवडतात. पण त्यांची छिद्रं भरायला वेळ लागत नाही. कापूस वापरायचाच असेल तर पाणी आधी जाड छिद्रांच्या स्पंजातून आणि मग कापसातून जाईल अशी रचना हवी. एकच कप्पा असलेल्या लहान आतल्या फिल्टरमध्ये तशी जागा नसते, तिथे कापूस कोंबूच नका. पाणी फारच गढूळ असेल तेव्हा एक दिवस घालून दुसऱ्या दिवशी काढून टाका.

स्पंजाच्या आकाराबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: स्पंज मोठा, मोटर लहान. बाजारात उलट मिळतं. जोरदार मोटर आणि तिच्या पोटाला दोन बोटं जाडीचा स्पंज. टाकीत रोज तयार होणारी घाण तेवढीच असते. ती चौपट पृष्ठभागावर पसरली तर धार टिकणारे दिवसही वाढतात आणि मोटर वाढवायची गरज राहत नाही. ज्यांच्या फिल्टरला मोठा स्पंज बसतच नाही त्यांनी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर दुसऱ्या कोपऱ्यात जोडीला ठेवावा. दिसायला सुमार, पण स्वस्त, आणि घाण वाटली जाते. एअर पंप टाकीच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. लाईट गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं.

खाण्याचं फार सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी ऐकत नाही. दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढंच घाला. घरात तीन माणसं वेगवेगळ्या वेळी प्रेमाने चिमूट चिमूट घालत असतील तर स्पंज कितीही मोठा घ्या, चार दिवसांतच भरणार.

फिल्टरची उंची बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो खड्यांना टेकवलेला असतो, त्यामुळे तळाचा सगळा भुगा पहिल्यांदा तोच ओढतो. तीन-चार बोटं वर घ्या. तळातली घाण सायफनने काढायची असते, ती ओढून घ्यायचं काम फिल्टरला दिलं की तो सतत तुंबलेलाच राहणार.

स्पंज धुण्याची पद्धतही इथेच सांगून टाकतो. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत असतंच, त्यातच स्पंज चार-पाच वेळा दाबून पिळा. पाणी चहाच्या रंगाचं होईल, तेवढं पुरे. नळाखाली धरून पांढराशुभ्र करायचा नाही. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया त्या स्पंजातच राहतात. ते मेले की धार उत्तम, पाणी नितळ आणि मासे मात्र पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतायत, असं चित्र दिसतं. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा. पिळून सोडल्यावर जो स्पंज पूर्वीसारखा फुगत नाही, चेपलेलाच राहतो, त्याची छिद्रं बसलेली असतात. तो बदलायचा, पण नवा आणि जुना महिनाभर शेजारी शेजारी चालवून.

एका रात्रीत धार पडली तर काहीतरी अडकलंय. व्हॅलिस्नेरियासारखी पट्टीदार वनस्पती असेल तर तिचं तुटलेलं पान जाळीवर बाहेरून गुंडाळलं जातं आणि अख्खी जाळी बंद करतं. गोगलगायी असतील तर एखादी पात्यांच्या खोबणीत शिरलेली असते. नुकतंच पाणी बदललं असेल तर आत हवा अडकलेली असते. फिल्टर चालू-बंद करताना खरखर आवाज येतो आणि तोंडातून थांबून थांबून बुडबुडे सुटतात. प्लग काढून फिल्टर पाण्याखालीच आडवा-तिडवा हलवा, हवा निघून जाते. आणि हो, मासे मोजा. मेलेला लहान मासा जाळीवर चिकटलेला असू शकतो.

इम्पेलर

स्पंज धुतला, जाळी साफ केली, तरी झाकणावर लिहिलेला पहिला आकडा परत येत नाही आणि दर महिन्याला थोडा थोडा घसरतो, तेव्हा मोटर उघडायची वेळ आली. वर्षानुवर्षं टाकी सांभाळणाऱ्या कितीतरी घरांत हे झाकण एकदाही निघालेलं नसतं.

मोटरीच्या तळाशी लहानसं झाकण असतं, ते फिरवून किंवा ओढून निघतं. आत इम्पेलर: खाली काळ्या-करड्या चुंबकाचा दंडगोल, त्यावर प्लॅस्टिकच्या पात्या. पात्या चिमटीत धरून सरळ ओढा. चुंबक धरून ठेवतो, जरा जोर लागतो. तिरका ओढू नका. मधली बारीक दांडी बऱ्याच पंपांत सिरॅमिकची असते, ती वाकत नाही, मोडतेच. दांडीच्या टोकांना दोन चिमुकली रबरी बुचं असू शकतात. म्हणून हे काम बेसिनवर करायचं नाही, वाटीत किंवा परातीत करायचं. बुच एकदा जाळीतून खाली गेलं की पंप सुरू राहतो, पण खडखडत राहतो.

चुंबकाभोवती तपकिरी बुळबुळीत थर दिसेल, नखाने खरवडला तर सायीसारखा निघतो. चुंबक आणि त्याच्या खोबणीची भिंत यांत जेमतेम नखभर फट असते, ती या थराने भरली की फिरणं जड होतं. जुन्या टूथब्रशने चुंबक आणि पात्या साफ करा, इअरबड खोबणीत घालून फिरवा. पात्यांच्या मुळाशी केस, शेवाळाचे धागे, जावा मॉसचे तुकडे गुंडाळलेले असतात, ते सुईने काढा.

इथे हमखास एक घोटाळा होतो. पात्या हाताने फिरवल्या तर त्या चुंबकावर सैल, जवळजवळ अर्धा वळसा मोकळ्या फिरतात. ‘तुटलंय’ म्हणून लोक इम्पेलर फेकून देतात. अनेक पंपांत ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. ही मोटर सुरू होताना चुंबकाला आधी पाण्याच्या ओझ्याशिवाय झटका घ्यायचा असतो, मग तो पात्यांना सोबत ओढतो. साधी मोटर कधी उजवीकडे सुरू होते, कधी डावीकडे. म्हणूनच तिच्या पात्या पंख्याच्या पात्यांसारख्या वळलेल्या नसून सरळ असतात. पात्या पूर्ण गरगर फिरत असतील, कुठेच अडत नसतील, तर मात्र खरंच तुटलंय.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर टाकी असेल तर बुळबुळीत थराखाली पांढरा खडबडीत थर सापडेल. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा क्षार. ब्रशने निघत नाही. सपाट वाटीत निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन इम्पेलर आणि झाकण अर्धा तास बुडवून ठेवा, मग घासा आणि वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. साबण, डिशवॉशचा थेंबही नको. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून ‘मोटर स्मूद’ करायचा सल्लाही कोणी ना कोणी देतंच. या मोटरीला वंगण पाण्याचंच असतं, तेलाने फक्त तवंग येतो. पाण्याबाहेर ती चालवूनही बघू नका, कोरडी फिरली की दांडी घासते आणि तापते.

सगळं लखलखीत करूनही खडखड राहिली, दांडीचं भोक लंबगोल झालेलं दिसलं, किंवा चुंबकाला तडा दिसला, तर इम्पेलर बदला. अनेक मॉडेल्सचा इम्पेलर सुटा मिळतो, अख्खा फिल्टर घ्यायची गरज नसते. जुना सोबत घेऊन जा, नाव सांगून आणलेला बसत नाही.

धार जास्त असेल तर

जास्त म्हणजे कोणाला जास्त, हा पहिला प्रश्न. फायटर मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागातला, भातखाचरं आणि दलदलीतल्या संथ उथळ पाण्यात राहणारा. त्यातून बाजारात मिळतो तो लांब शेपटीचा, म्हणजे पोहायला आणखी जड. एंजल आणि गुरामीही संथ पाण्याचेच. फुगीर गोल्डफिशला घाण उचलण्यासाठी पाणी भरपूर फिरायला हवं, पण एका जागी मारा करणारी धार नको. याउलट डानिओ, डेनिसोनी बार्ब, हिलस्ट्रीम लोच हे वाहत्या पाण्यातले. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून आलेला मासा धारेत तोंड करून एका जागी पोहत राहिला तर तो त्रासात आहे असं समजू नका, तो मजेत आहे.

त्रासलेला मासा असा दिसतो: पंख अंगाला चिकटवून फिल्टरच्या मागे किंवा पानाआड बसलेला, खाण्यापुरता बाहेर येणारा, धारेसमोरून जाताना वाकडा ढकलला जाणारा. धारेसमोरचे खडे उघडे पडून तळाची काच दिसू लागली तर मासे बघायचीही गरज नाही.

सगळ्यात आधी दिशा बदला. बहुतेक आतल्या फिल्टरचं तोंड समोरच्या काचेकडे किंवा सरळ टाकीच्या मधोमध असतं. ते मागच्या काचेकडे थोडं तिरकं वळवा. पाणी काचेवर आपटून पसरतं, काचेला धरून लांबवर जातं आणि मधला भाग शांत होतो. आत येणाऱ्या पाण्याचं प्रमाण तेवढंच राहतं, म्हणजे सफाईत काही फरक पडत नाही. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

त्याने भागलं नाही तर तोंडावर जाड छिद्रांच्या स्पंजाचा तुकडा चढवा, मधे भोक पाडून. धार मऊ होते. हा तुकडाही घाण धरतो, तेव्हा मुख्य स्पंजासोबत तोही धुवायचा, नाहीतर महिन्याने पुन्हा धार मंद झाल्याची तक्रार घेऊन याल.

मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे भोकांची आडवी नळी, स्प्रे बार. फिल्टरच्या तोंडाला बसणारी कडक प्लॅस्टिकची नळी घ्या, दुसरं टोक बुचाने बंद करा आणि एका रेषेत भोकं पाडा. किती, हे अंदाजाने ठरवू नका. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या आतल्या तोंडापेक्षा मोठं हवं. नळीचा आतला व्यास 12 मिलिमीटर असेल तर तिचं तोंड साधारण 113 चौरस मिलिमीटर. 4 मिलिमीटरचं एक भोक साडेबारा चौरस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे नऊ भोकं झाली की बरोबरी. पाच-सहाच पाडलीत तर धार आणखी टोकदार सुटेल आणि मोटरीवर दाब येऊन एकूण पाणीही घटेल. पंधरा-सोळा पाडलीत तर पाणी अलगद पसरेल. भोकं तापवलेल्या खिळ्याने पाडू नका, कडा वितळून वाकड्या होतात आणि त्यात शेवाळ बसतं. लहान ड्रिल बिट हाताने फिरवला तरी चालतो. नळी मागच्या काचेला समांतर, पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली लावा.

नॉब शेवटी. तो किंवा नळीतला कॉक वापरायचाच असेल तर पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचा आवळा, आत येण्याच्या बाजूचा कधीच नाही. आत येणारं पाणी अडवलं की पंप उपाशी फिरतो, हवा ओढतो, आवाज करतो. बाहेरची वाट अर्धी आवळली तर असल्या पंपाला काही होत नाही. पूर्ण बंद करून तासन्‌तास चालवायचा मात्र नाही, कारण तेच पाणी आतल्या आत फिरून तापतं. आणि नॉब कायम शेवटच्या टोकाला आवळून ठेवावा लागत असेल तर मोटर टाकीपेक्षा मोठी आहे, बदला.

बदल केल्यावर धार कुठे जाते हे बघायला चुरडलेलं फ्लेक खाद्य चिमूटभर धारेत सोडा. कण सगळीकडे फिरून हळूहळू खाली बसले तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात कण घिरट्या घालत राहिले किंवा कधी पोचलेच नाहीत तर तिथे पुढे गाळ आणि निळसर-हिरवा बुळबुळीत थर येणार हे नक्की समजा. तोंड थोडं त्या बाजूला वळवा किंवा मधला दगड हलवा.

किती कमी केलेली चालेल

पाण्याचा पृष्ठभाग हलताना दिसला पाहिजे, ही खालची मर्यादा. खळाळायला नको, दिव्याचं प्रतिबिंब थरथरलं तरी पुरे. हवेतला ऑक्सिजन पाण्यात जातो तो पृष्ठभागातूनच, आणि स्थिर पृष्ठभागावर तेलकट तवंग धरतो. उन्हाळ्यात हे जास्त सांभाळावं लागतं. 20 अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकीचं पाणी 32-33 वर जातं, त्याच वेळी माशांची गरजही वाढलेली असते. डिसेंबरात फायटरसाठी बसवलेली मंद धार मे महिन्यात गोल्डफिशच्या टाकीला पुरत नाही. पहाटे दिवा लावण्याआधी बघा: रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजनच घेत असतात, म्हणून कमतरता असेल तर मासे त्या वेळी वर तोंड काढलेले दिसतात. फायटर आणि गुरामी हवेतूनही श्वास घेतात, त्यांचं वर येणं वेगळं. बाकीचे सगळे मिळून वर आले तर त्या क्षणी फिल्टरचं तोंड वर वळवा आणि एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड) सोडा, कारण नंतर शोधा.

बुडबुड्यांचंही इथेच. अनेक आतल्या फिल्टरना तोंडाशी बारीक नळी जोडून हवा ओढायची सोय असते. ‘बुडबुडे बंद झाले, नळी बदलली तरी येत नाहीत’ असं कोणी सांगितलं की बहुतेक वेळा स्पंज भरलेला निघतो. हवा ओढली जाते ती धारेच्या वेगाने, धार मंदावली की सगळ्यात आधी बुडबुडे थांबतात. म्हणजे धार मोजायचा कंटाळा असेल तर बुडबुड्यांवर लक्ष ठेवलं तरी चालेल. धार चांगली असूनही बुडबुडे नसतील तर नळीच्या पाण्यातल्या टोकाशी क्षार किंवा शेवाळ साठलंय, सुईने मोकळं करा. आणि हवा सुरू असताना पाणी थोडं कमी येतं हे गृहीत धरा.

बाकीचे फिल्टर

काचेला टांगायच्या फिल्टरची धार कमी झाली की आधी टाकीतली पातळी बघा. उन्हाळ्यात पाणी उडून चार बोटं खाली जातं, तेवढं पंपाला जास्त चढवावं लागतं, आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज वाढतो. पाणी भरलं की दोन्ही तक्रारी जातात. लाईट गेल्यावर काही मॉडेल्समध्ये नळीतलं पाणी टाकीत उतरतं आणि लाईट आल्यावर पंप हवेत फिरत राहतो. डब्यात मगभर पाणी ओतलं की पुन्हा धरतो. धार जास्त असेल तर पाणी पडतं त्या ओठाखाली स्पंजाचा तुकडा बसवा.

टॉप फिल्टरमध्ये मोटर पाणी टाकीच्या वर चढवते, तेव्हा खोक्यावरचा ‘एच मॅक्स’ महत्त्वाचा. त्या उंचीला धार शून्य होते. एच मॅक्स 80 सेंटिमीटर असेल आणि तुम्ही पाणी 40 सेंटिमीटर चढवत असाल तर छापलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच धरून चाला. नळी लहान करा, कोपरे कमी करा, यापेक्षा जास्त काही हातात नाही.

कॅनिस्टरची धार महिनोन्‌महिने हळूहळू कमी झाली आणि आतले स्पंज बऱ्यापैकी स्वच्छ निघाले तर नळ्या बघा. पारदर्शक नळी आतून तपकिरी झालेली असेल. लांब लवचिक ब्रश मिळतो, तो आरपार ओढा. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, तिथून हवा शिरली तरी धार तुटते. आणि लाईट चार-पाच तास गेली असेल तर आल्याबरोबर कॅनिस्टर सुरू करू नका. बंद डब्यातला ऑक्सिजन बॅक्टेरियांनी संपवलेला असतो, आतलं पाणी सडलेलं असू शकतं. झाकण उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा येत असेल तर डब्यातलं पाणी ओतून द्या, स्पंज आणि आतल्या सिरॅमिकच्या रिंग्ज टाकीच्या पाण्यात धुवा, मगच सुरू करा. पुढचा आठवडाभर खाणं निम्मं ठेवा आणि अमोनियाचं टेस्ट किट घरात असेल तर एक दिवसाआड तपासा.